चिखल वाळेपर्यंत

माझी वहिनी डागांशी बोलते. कोणाला खरं वाटत नाही, पण आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर मी रोज बसते आणि रोज ऐकते. कोणी शर्ट आणून टाकला की ती तो उजेडात धरते, नाकाजवळ नेते आणि म्हणते, "तू तेल आहेस बाबा, उगाच शाई असल्याचा आव आणू नकोस." मागच्या खोलीत दादा, म्हणजे माझा भाऊ, इस्त्रीच्या वाफेत उभा असतो. बायकोचं सगळं गोड बोलणं डागांच्याच वाट्याला जातं अशी त्याची जुनी तक्रार आहे.

तिचं दुसरं वेड धावण्याचं. वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालणं हिला फार संथ वाटलं. दुकान उघडायच्या आधी ती निघते. पांढरेशुभ्र मोजे, कडक इस्त्रीचा टी-शर्ट, नजर लांब समोर आणि पावलं एका लयीत. रस्ता झाडणाऱ्या बाईला हात करते, खड्डा दिसला की नगरपालिकेचा उद्धार करते आणि धुतल्या कपड्यासारखी स्वच्छ परत येते. मी धावत नाही. मागे कुत्रं लागलेलं नसताना माणसाने का धावावं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यामुळे भाच्याचं, म्हणजे वहिनीच्या मुलाचं, लग्न झालं आणि सूनही धावणारी निघाली तेव्हा वहिनीला आभाळ ठेंगणं झालं. सून चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, बोलायला मोकळी आणि हसायला त्याहून मोकळी. मात्र ती रस्त्यावर धावत नसे. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन दगडधोंड्यांतून आणि झाडांच्या मुळांवरून पळायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी ती टेकडीवरून आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखून. वहिनी दारातच उभी होती. तो चिखल पाहून तिचे डोळे चमकले.

"थांब, हात लावू नकोस! ओला चिखल घासला की धाग्यात शिरतो. आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग झटकायचा, मग ब्रश, मग गार पाणी. घाई केली की कपडा कायमचा गेला."

नव्या सुनेला उंबऱ्याबाहेर उभी करून तिने हे सगळं ऐकवलं. मी आत होते. वहिनी खुशीत आली की असंच बोलते, हे मला ठाऊक होतं. त्या मुलीला कुठून ठाऊक असणार? तिने मान खाली घातली, "हो आई" म्हणाली आणि मागच्या दाराने गेली.

त्यानंतर टेकडी बंद झाली. सुट्टीच्या दिवशी सून खोलीत पुस्तक घेऊन बसायची. "हो आई", "ठेवते आई", "झालं आई", एवढंच बोलणं उरलं. वहिनी मला विचारायची, "अगं, ही अशी पाहुण्यासारखी का राहते आपल्याकडे?" मला काय कळणार, मी काही डाग ओळखत नाही.

मग एका संध्याकाळी भाच्याने सांगून टाकलं, "आई, आम्ही वेगळं घर बघतोय. येत्या रविवारी दुपारी एक जागा बघायला जायचंय."

"का रे? इथे काय कमी आहे?"

"तिला वाटतं, तिच्यामुळे घर घाण होतं. चिखलाचे बूट घेऊन यायची भीती वाटते तिला."

वहिनी खुर्चीत बसली ती बसलीच. "मी रागावले होते? मी तर तिला माझी विद्या देत होते," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला आणि कीवही आली. माफी मागणं वहिनीला जमत नाही. धावणं जमतं. जेवणाच्या टेबलावर ती सुनेला म्हणाली, "रविवारी सकाळी मला टेकडीवर ने."

सुनेचा चमचा वाटीतच राहिला.

मी थर्मास घेऊन बरोबर गेले आणि पायथ्याशी ओढ्याकाठच्या कट्ट्यावर बसले. टेकडीवरचं जे सांगते आहे ते दोघींनी नंतर वेगवेगळं सांगितलेलं. जुळलं तेवढंच घेतलं आहे.

सुरुवातीलाच चढ लागला. "आई, इथे चालायचं असतं," सून हळूच म्हणाली.

"चालायचं असतं तर बाजारात गेले नसते का? भाजी तरी आली असती." असं म्हणून वहिनी धावत सुटली. पहिल्या वळणापर्यंत तिची ऐट मला दिसत होती. वळणापलीकडे ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग मुकाट्याने चालायला लागली. थोडं सपाट आलं तशी सवयीने नजर लांब लावून निघाली, ती मुळात पाय अडकून तोंडघशी पडता पडता वाचली.

"लांब नका बघू, आई. दोन-तीन पावलांपुढे बघा. पावलं लहान टाका. तो दगड हलतो, त्यावर नको!" शेवटचं वाक्य सुनेच्या तोंडून जरा मोठ्याने गेलं. ती घाबरून गप्प झाली. वहिनी म्हणाली, "अगं बोल की, गप्प काय झालीस? पुढचा हलतो का?" मग मात्र सून बोलतच राहिली. आमच्या वहिनीला कोणी शिकवतंय आणि ती ऐकून घेतेय, असं गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही.

माथ्यावर वारा खाऊन झाल्यावर खरी पंचाईत उतारावर आली. वहिनी प्रत्येक पावलाला अंग मागे खेचत होती. बुटांचे तळ गुळगुळीत, त्यामुळे आणखीच घसरत होती.

"ब्रेक लावू नका आई, म्हणून घसरताय. पाय मोकळे सोडा."

"आणि पडले तर?"

"तर पडू."

हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. झाडीतून वहिनी बाहेर आली ती दोन्ही हात पसरून, केस सुटलेले, लहान मुलीसारखी ओरडत. ओढ्याचं पाणी उडवत पलीकडे आली आणि काठाच्या चिखलात घसरून फतकल मारून बसली. मोजे, टी-शर्ट, इस्त्री, सगळ्याची वाट लागली. मागून आलेली सून तोंडावर हात ठेवून जागच्या जागी उभी राहिली.

वहिनीने हाताला लागलेला चिखल उजेडात धरला, नाकाजवळ नेला. "यात शेवाळं पण आहे," ती म्हणाली. "लबाड."

सून इतकी हसली की तिलाही खाली बसावं लागलं. लग्नानंतर तिचं ते हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. वहिनी उठली, कपडे न झटकताच म्हणाली, "अजून एकदा वर जाऊया?" आणि त्या दोघी गेल्या की! माझा चहा थर्मासमध्ये गार झाला. मी मनसोक्त चिडले, पण ऐकायला कोणी नव्हतं.

घरी आल्यावर सून सवयीने मागच्या नळाकडे वळली. वहिनीने तिचं मनगट धरलं. "काय सांगितलं होतं मी?"

सुनेचा चेहरा क्षणभर उतरला. "आधी वाळू द्यायचा."

"मग बस इथे."

मागच्या पायरीवर ऊन आलं होतं. दोघी पाय पसरून बसल्या. वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मी रागावले नव्हते गं. इतका चांगला चिखल बघून मला राहवलं नाही."

"मला वाटलं, मी घर घाण केलं."

"अगं वेडे, लोकांच्या घाणीवर तर आपलं घर चाललंय."

मग त्या बोलत बसल्या. मुळं, दगड, कुठले बूट घ्यायचे, माथ्यापलीकडे आणखी एक वाट जाते ती. मी दारात उभी राहून ऐकत होते. उन्हाने चिखल पांढरट पडला, त्याला भेगा गेल्या.

इतक्यात भाचा किल्ल्या घेऊन बाहेर आला. "चल, आवर ना. घरमालक वाट बघतोय."

सुनेने गुडघ्यावर हात फिरवला. चिखलाचे पापुद्रे सुटून पायरीवर पडले.

"कशी येऊ?" ती म्हणाली. "अजून ओला आहे."

भाच्याने आईकडे पाहिलं. डागाबद्दल कोणी चूक बोललेलं वहिनी एरवी खपवून घेत नाही. तिने पायरीवरचे पापुद्रे हळूच पायाने बाजूला सारले आणि म्हणाली, "हो रे. वेळ लागेल."