धावून आलेली वाडी

गेल्या हंगामात हापूस काढताना मी कलमावरून पाठीवर आपटलो. "हलवू नका रे," म्हणून बोंबलत होतो, तरी अख्खी वाडी मदतीला धावली. एकाने काखेत धरलं, दुसऱ्याने पाय ओढले. काकांनी खोबरेल चोळून मला उभंच केलं, "चालून बघ, मोकळं होईल."

रत्नागिरीत डॉक्टरांनी समजावलं, मज्जारज्जूला मार लागला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात, गर्दी करतात, सूज आणतात आणि धड राहिलेल्या नसाही बिघडवतात. म्हटलं, "आमच्याच वाडीतल्या दिसतात!"

शेजारी अजून शहाळी घेऊन येतात, खाटेभोवती बसतात आणि सुनावतात, "आम्ही होतो म्हणून वाचलास."

खरं आहे. कमरेपर्यंत वाचलो.