ज्याले चावलं, त्यानं चहा ठेवायचा

आमच्या मैदानावर कोणीही शर्टाची बाही वर केली की एक किस्सा बाहेर येतो. कोणाच्या मनगटावर दोन टाके, कोणाच्या कोपराखाली पाच. लोक विचारतात, "चोरानं मारलं का हो?" चोर कुठला! आम्ही राखणीची कुत्री शिकवतो, आणि आम्हाला चावलेली सगळी कुत्री आमची स्वतःचीच आहेत.

मैदान म्हणजे मोताळा रोडवरचं दामूमामांचं पडीक वावर आणि कडेला टिनाचं शेड. मामा पोलिसांच्या श्वान पथकातून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं जमतो.

*

पहिला किस्सा माझाच. माझा टायगर तेव्हा वर्षाचाही नव्हता. समोर संजू, आमचा मोटर रिवायंडिंगवाला, हातावर तागाची जाड बाही चढवून चोर झालेला. टायगर त्याच्याकडे झेपावत होता. मला वाटलं, फारच चढला हा. दोरीला मागून जोरात झटका दिला, तसा तो गर्रकन वळला आणि माझाच हात धरला! लगेच सोडला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

मामांनी आधी नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं हात धुवायला लावला. मग दवाखाना, इंजेक्शन. मी परत आलो तर विचारतात, "झटका कोणं मारला?"

"मी."

"मंग चहा ठेव."

तेव्हा मला मैदानाचा नियम कळला. ज्याले चावलं, त्यानं सगळ्यांचा चहा ठेवायचा. "जवान कुत्रं हाय," मामा म्हणाले. "चोर समोर दिसते अन् मागून कोणी तरी ओढते. मंग राग ओढणाऱ्यावर निघते. त्याचं काय चुकलं?"

मी बुलढाण्याला कोर्टाबाहेर टायपिंग करतो. पुढचे पंधरा दिवस एका हातानं अर्ज टाइप केले. एक म्हातारा पक्षकार शेवटी म्हणाला, "बाप्पा, माही तारीख निघून जाईन!"

*

संजूची बायको एकदा तणतणत मैदानावर आली. "मामा, इतकी मानसं हायेत, कुत्र्याच्या तोंडात हात द्याले माहाच नवरा सापडला काय?"

मामांनी तिला खुर्ची दिली आणि आम्हाला ओळीनं उभं करून हात दाखवायला लावले. दोरी धरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर खुणा होत्या. शेवटी संजूनं दाखवले. एक ओरखडासुद्धा नव्हता!

ती खुर्चीवरून उठली. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी चोरच राहा. दोरी नोका धरू."

*

मोताळ्याचा नितीन किराणावाला. यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की कुत्र्याला उताणं पाडून वर बसलं की ते आपल्याला मालक मानतं. याची राणी दीड वर्षाची. दोन रविवार पट्ट्याला हात लावला की गुरगुरत होती. नितीननं तिला पाडलं. नितीनच्या खांद्याला सात टाके पडले.

मामा राणीजवळ जमिनीवर बसले. हात लावला नाही, नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं मान त्यांच्या मांडीवर टेकवली, तेव्हा त्यांनी तिचा कान उलटून पाहिला. आत पू झाला होता.

पुढच्या रविवारी नितीननं चहा ठेवला आणि शेडमागं जाऊन रडला. आम्ही कोणी तिकडे गेलो नाही.

*

चहाचा नियम एकाच माणसानं मोडला. बीबी गावचे रमेशभाऊ. मोठं वावर, घरात दहा माणसं, बोलणं कडक. त्यांचा बादल सव्वा वर्षाचा, काळा, देखणा. बाटलीनं दूध पाजून भाऊंनीच वाढवलेला. तो त्यांना मैदानावर चावला. मामांनी स्टोव्हकडे बोट दाखवलं.

भाऊ हसले. "माह्या घरी मले चहा जागेवर येते, मामा. कुत्र्यापायी स्टोव्ह पेटवू काय?"

त्या दिवशी मैदानावर कोणीच चहा प्यायलं नाही.

*

महिन्यानं बादल भाऊंना परत चावला, या वेळी घरी, ताटलीवरून ओढताना. रविवारी भाऊ आले ते ठरवूनच. "आजचा शेवटचा दिवस. आज कोनालेही दात लावला त उद्या डॉक्टरले बोलावतो अन् सुई देऊन कायमचं झोपवतो. मले नाई पाह्यवत आता." माणूस वाईट नव्हता हो, घाबरला होता.

मामा म्हणाले, "ठीक हाय. दोरी तुमीच धरा. फक्त ओढू नोका."

संजू पुढे आला. बादल झेपावला. भाऊंनी दोरी छान सैल धरली, मी मनात म्हटलं, जमलं! आणि बादलनं बाही धरल्यावर भाऊंची ओढायची जुनी सवय जागी झाली. "सोड! सोड बे!" म्हणत त्यांनी पट्ट्याला धरून हिसका दिला.

बादल वळला. मामा बाजूलाच होते. त्यांनी मध्ये हात घातला.

मामांना आजवर एकही कुत्रं चावलेलं नव्हतं. रक्त बोटांवरून खाली गळत होतं. बादल कान पाडून भाऊंच्या पायाशी बसला होता.

मामांनी नळाखाली हात धुतला. पूर्ण पंधरा मिनिटं. मी गाडी काढली, पण ते "थांब" म्हणाले. हाताला पंचा गुंडाळून शेडमध्ये गेले, एका हातानं पातेलं उचललं आणि पाणी भरायला लागले.

भाऊ दारात येऊन उभे राहिले. मग आत गेले आणि मामांच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"तुमी दवाखान्यात जा, मामा. हे माहं हाय."

"चहा घेऊनच जातो," म्हणत मामा दारातच टेकले. तीन काड्या वाया गेल्या, चौथीनं स्टोव्ह पेटला. पाठ आमच्याकडेच ठेवून भाऊंनी विचारलं, "साखर किती टाकतेत बे?"

संजूनं सांगितली.

पाण्याला उकळी आली तेव्हा भाऊ तसेच पाठमोरे म्हणाले, "मामा, पुढच्या रविवारी किती वाजता आणू याले?"