कान लावणारे अण्णा

कॉम्प्युटर अडला की आम्ही सगळे त्याच्या दिव्यांकडे बघायचो आणि अण्णा डोळे मिटून कान लावायचे. नागापूरच्या आमच्या कारखान्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खोलीभर पसरलेला तो कॉम्प्युटर आला, तेव्हा मी देवळालीहून आलेली नवीन प्रोग्रामर होते. अण्णा बेलापूरचे. साखर कारखान्यात फिटर म्हणून बरीच वर्षं काढून इकडे यंत्रांच्या देखभालीला आलेले.

काहीही बदलण्याआधी आहे ते वहीत उतरवून ठेवायचं, ही त्यांची सवय. मला म्हणायचे, "ताई, पुढं जावा, पन मागं यायची वाट बुजवू नका."

मी ती बुजवली. ज्याच्या हुकमतीत कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली सगळी यंत्रं चालतात त्या मूळ प्रोग्रामची नवी टेप मुंबईच्या मुख्य कचेरीतून आली. टेपा मोजक्याच असल्यामुळे साहेबांनी जुनी पुसून वापरायला सांगितली आणि मी पुसली. त्यानंतर प्रिंटर एका ओळीवरच दुसरी ओळ छापू लागला. सुट्या भागांची यादी वाचता येईना, त्यामुळे जोडणी विभागाचं काम थांबलं. मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनी प्रिंटर भंगारात काढायला सांगितलं आणि जुनी टेप पुसल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला.

अण्णा दुपारभर प्रिंटरपाशी उभे होते. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, प्रिंटरचा दोष न्हाई. कागद सरकायच्या आतच अक्षरांच्या हातोड्या पडत्यात. नवा प्रोग्राम ह्याच्यासाठी थांबतच न्हाई."

ते खरं होतं. नवा प्रोग्राम नव्या, चपळ प्रिंटरसाठी लिहिलेला होता. दोन दिवस मी प्रोग्रामचे कागद चाळत राहिले, एकेक बदल करून बघत राहिले, आणि अण्णा प्रिंटरचा आवाज ऐकून सांगत राहिले, "अजून घाई हुतीया." शेवटी कागद सरकेपर्यंत थांबण्याची सूचना मी योग्य जागी घातली. ओळी सुट्या झाल्या. अण्णांनी डोळे उघडले आणि तो बदल वहीत लिहून घेतला.

या दुरुस्तीच्या अहवालावर मी आम्हा दोघांची नावं लिहिली होती. "प्रोग्रामच्या अहवालात फिटरचं नाव कशाला?" असं म्हणत अधिकाऱ्यांनी अण्णांचं नाव खोडलं. अण्णा समोरच उभे होते. मी गप्प बसले. त्याच अहवालावर मला मुंबईला बढती मिळाली. मला एसटीत बसवून द्यायला अण्णा आले, माझी पेटी त्यांनीच वर चढवली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी बेलापूरला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, अण्णा खाटेवर बसले होते. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, असं मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, जाऊ द्या म्हणतील.

अण्णा म्हणाले, "व्हय ताई. बोलायला पायजे हुतं."

एवढंच. मग त्यांनी आत चहा सांगितला आणि माझ्या मुलांची चौकशी केली.

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. पण त्या दिवसानंतर माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कागदावर मी कुणाचं नाव खोडू दिलेलं नाही.