जेवली का वं?

शेजारच्या घरातून लकव्याच्या तेलाचा वास आला की मला साकोलीच्या दवाखान्यातली समुपदेशन करणारी पोरगी आठवते. माझ्या म्हाताऱ्या नवऱ्याचं डावं अंग लुळं पडून चार वर्षं झाली होती आणि त्याचं हगणं-मुतणं मीच काढत होते. आम्हा दोघांना समोर बसवून ती त्याला म्हणाली, "बाबा, काकू दिवसभर तुमच्यासाठी राबतात. त्या जेवल्या का, एवढं तरी रोज विचारत जा." त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून भाताचं ताट समोर आलं की तो म्हणायचा, "जेवली का वं?" आणि मी तोंड उघडायच्या आत घास घ्यायचा. एकदा मी तापाने फणफणले होते. त्याने विचारलं तेव्हा मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "नाही जेवली. परवापासून पोटात काही नाही." तो म्हणाला, "बरं. वरण आन अजून, भात कोरडा हाये." मी वरण आणलं. पुढच्या खेपेला पोरीने मला विचारलं, "काकू, बाबा विचारतात ना?" मी म्हणाले, "हो, रोज विचारते म्हातारा." तिने खुशीने कागदावर खूण केली आणि त्याची पाठ थोपटली. तो शाबासकी मिळाल्यासारखा हसला. त्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्याचा राग केव्हाच विझला, त्या पोरीचा तर कधी आलाच नाही. पण तो कागद समोर असताना मी पुढचं का बोलले नाही, याचा माझा मलाच अजून राग येतो.