पोरी जवळ आल्या की बदलणारा विषय

बायांनो, आज आमच्या तारोडी गावात सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई आल्या होत्या. नको तेव्हा दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या, निरोध फुकट मिळतात, असं पोरींना सांगत होत्या. लगेच माझी जाऊ बोलली, "पोरी बसल्या हायत, हळू बोला."

मला आमचं लहानपणीचं बोंबील सुकवणं आठवलं. दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून बांबूवर टांगायचे. बांबूच्या या बाजूला मी, त्या बाजूला शेजारची हिरा. दिवसभर नुसतं खिदळायचो. आम्ही जवळ गेलो की मोठ्या बायांची कुजबुज बंद, मासळीच्या भावाची गोष्ट सुरू. आम्हाला कोणी काय सांगितलंच न्हाय.

सोळाव्या वर्षी हिराला दिवस राहिले. घरच्यांनी घाईघाईत लांब कुठेतरी लग्न लावून दिलं. तेव्हापासून बांबूच्या त्या बाजूला कोणी नव्हतं. तिचं हसणं अजून कानात हाय.

मी जावेला बोलले, "पोरींसाठीच आल्यात ना त्या? मग हळू कशाला? नर्सबाई, मोठ्याने सांगा."

जावेची पोरगी गुपचूप पुढे सरकून बसली.

तुमच्याकडे पोरी आल्या की अजून मासळीचा भाव निघतो काय?