उन्हातली पट्टी

आमच्या अंबाजोगाईतल्या फोटोवाल्या चाचांचा संगणकावर भरवसा नाही. काळा-पांढरा फोटो करायचा असला की ते आधी त्याची बोटभर नमुन्याची पट्टी छापतात, दुकानाबाहेर येतात आणि एक डोळा मिटून ती उन्हात धरतात. "स्क्रीनचं काय खरं न्हाई," म्हणत आत जातात, कॉन्ट्रास्ट केसभर हलवतात आणि पुन्हा पट्टी छापतात. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याला चहा पाजतात, पण पट्टी सोडत नाहीत.

आईचा जुना फोटो मोठा करून घ्यायला गेलो, तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "चाचा, जरा उजळ करा." आमच्याकडं स्टुडिओवाले न सांगताच चेहरा गोरा करतात. आई गेली तेव्हा घाईत करून घेतलेल्या फोटोत ती पिठासारखी पांढरी झाली होती. कपाळावरचं गोंदणही त्यात नाहीसं झालं होतं.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "कावून? उजळ कशाला?"

त्यांनी जुन्या फोटोतल्या आईच्या गोंदणावर बोट ठेवलं.

"काळ्यातबी लई काळे असत्यात, सर. ते येगळे करायलाच तर मी बसलोय."

पाच पट्ट्या उन्हात जाऊन आल्या. मग त्यांनी मोठा कागद छापला आणि मान ताठ ठेवून, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. आई होती तेवढीच सावळी होती.

घरी मावशीनं फोटो पाहिला. तिचा हात आपसूक स्वतःच्या कपाळावर गेला. दोघी बहिणींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून घेतलं होतं.

"आता अक्का दिसली," ती म्हणाली.