बचत गटाचा कायदा आणि माझा रोडरोलर

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगणारच. सगळ्या गावाला माहीत आहे, मग तुम्हीच तेवढे का राहावे?

आमच्या शेजारच्या विमलवैनी ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. समोर वरच्या आळीची कमळाक्का. मागची पाच वर्षं तीच निवडून आलेली, आणि पाच वर्षं वैनींच्या उंबऱ्यापुढनं उघडं गटार वाहतंय. त्यावर झाकण पडायचं तर वैनी यायलाच हव्यात.

आता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आमच्या बचत गटात अध्यक्ष निवडायची रीत अशी, की निम्म्याच्या वर हात वर व्हायला हवेत. नाही झाले तर सगळ्यात कमी हातवाली बाजूला, आणि उरलेल्या दोघींसाठी पुन्हा हात वर. मी म्हटलं, ग्रामपंचायत म्हणजे तरी काय, मोठा बचत गटच की.

"वैनी, मी बी उभी ऱ्हाते. वरची आळी माझं लोणचं खाती. तिथली मतं मी फोडते. कमळाक्काला निम्मी पडत न्हाईत. मग मी बाजूला, आन दुसऱ्या फेरीत माझी समदी मतं तुमाला."

वैनीही त्याच गटातल्या. त्यांना लगेच पटलं.

आमचे हे पलटणीतनं रिटायर झालेले. पेपरातनं डोकं न काढता म्हणाले, "आगं, तसं नसतंय. ज्याला एक मत जास्त, त्यो आला."

"तुमच्या पलटणीत कवा मतदान झालं हुतं?" मी विचारलं. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला चिन्ह मिळालं रोडरोलर. वरच्या आळीत घरटी लोणचं वाटलं. मत मात्र मी वैनींनाच दिलं, ह्यांनाही द्यायला लावलं. मी कुठं निवडून यायला उभी होते?

तहसीलीत मोजणी झाली. कमळाक्का एकशे चौऱ्याऐंशी, विमलवैनी एकशे एक्क्याऐंशी, मी चार. म्हणजे कमळाक्काला निम्मीसुद्धा नाहीत. मी पदर खोचून पुढं झाले.

"सायेब, दुसरी फेरी कवा?"

साहेबांनी चष्म्यावरनं पाहिलं. "कसली फेरी, मावशी? सगळ्यात जास्त मतं ज्यांना, त्या निवडून आल्या. निम्मी असोत, नसोत. सरका, पुढचा वॉर्ड येऊ द्या."

बाहेर कमळाक्कानं पहिला गुलाल मलाच लावला. "लय उपकार झालं गं बाई," म्हणाली.

परत येताना वैनी माझ्याकडं बघेनात. मला राहवेना. म्हटलं, "वरच्या आळीत चौघांनी तरी लोणच्याची जाण ठेवली."

"ती वरच्या आळीतली न्हाईत," वैनी म्हणाल्या. "तुमाला शून्य पडलं तर गावात तोंड कसं दावशीला, म्हून आमच्या घरातली चारी मतं तुमाला दिली. दुसऱ्या फेरीत माघारी येणारच हुती की."

मी बोटं मोजली. वैनी तीन मतांनी पडल्या होत्या.

गटार अजून उघडंच आहे. गावात मला आता रोडरोलर म्हणतात. म्हणू देत. निघाला होता वरच्या आळीवर, फिरला तेवढा शेजारणीवरनं.